शनीला लावलेलं सील

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याच्याशी मी उद्यापासून बोलणं सोडीन. मी सबंध शनी, कड्यासकट, एका वजनमापे निरीक्षकाकडून सीलबंद करून घेतलेला आहे. सील शिशाचं, तार तांब्याची. आठ दिवस तो ग्रह मीन राशीत दावणीला बांधलेल्या म्हशीसारखा उभा होता आणि त्याने हूं का चूं केलं नाही.

"काका, माझ्या हातात गरम इस्त्री आहे," इस्त्रीवाला म्हणाला. "बाही जळली तर तुमच्या शनीला भरून द्यायला लावीन."

दुकानात आम्ही तिघंच होतो. मी स्टुलावर, इस्त्रीवाला टेबलापाशी आणि बाकावर सिस्टर. सिस्टर म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. दोनेक महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीत राहायला आली. कपडे टाकून घरी जावं की नाही, तर ती इस्त्री होईपर्यंत बसून राहते, आणि झालेल्या उशीच्या अभ्र्यांच्या घड्या मोडून पुन्हा आपल्या हाताने घालते. तिचा कुणावर विश्वास नाही. अशा माणसासमोर गोष्ट सांगायला मला फार आवडतं.

मी एकतीस वर्षं तारांगणात यंत्र चालवलं. गोल घुमटाखाली, बरोबर मध्यभागी, दोन डोक्यांच्या मुंगळ्यासारखं ते यंत्र उभं असायचं. प्रत्येक ग्रहाला त्यात एक दिवा, एक भिंग आणि दातेरी चाकांची एक पेटी. बटण फिरवलं की चाकं फिरायची आणि ग्रह वर घुमटावर राशीमागून राशी ओलांडत जायचे. शनीच्या पेटीत मी दर सहा महिन्यांनी शिवणयंत्राचं तेल घालत असे. ज्याच्या नावाने लोक ठरलेली लग्नं मोडतात, घराची दारं बुजवून दुसऱ्या भिंतीत पाडतात, त्याच्या बुडाखाली मी एकतीस वर्षं तेलाची नळी खुपसलेली आहे. मला काही झालं नाही. हाताला वास यायचा, तेवढंच.

आणि लोक कसले यायचे म्हणता. अंधार झाला, घुमटावर हजारो तारे उमटले, की माणसाने गप्प बसावं की नाही? तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी खाकरून विचारायचंच, "आमचा शनी कुठला हो?" आमचा. जणू चपला बाहेर काढून ठेवल्यात आणि त्यातली आपली जोडी शोधतोय. सव्वाशे-दीडशे कोटी किलोमीटरवर एक वायूचा गोळा स्वतःभोवती गरगरतोय, आणि याला वाटतं तो आपल्या बढतीची फाइल दाबून बसलाय.

"मुद्द्यावर या," सिस्टर म्हणाली.

मुद्दा म्हणजे माझे भावोजी. थोरल्या बहिणीचे यजमान. हल्ली माझं ताईकडे जाणं नाही, ते याच माणसामुळे. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात शिरले की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. पाचशे ग्रॅमच्या वजनात गुंजभर खोट निघाली तरी ते वजन जप्त. घरी दूध आलं की आधी मापात ओतून बघणार, मग पातेल्यात. शिंप्याने कोटाचं माप घेतलं तर आधी त्याची टेप स्वतःच्या टेपशेजारी धरून पाहिली होती. सदा संशय. जगात एकच गोष्ट या गृहस्थांनी न तपासता घेतली होती, ती म्हणजे पंचांग. शेवाळी रंगाचं कव्हर घातलेलं, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली, चोवीस तास काखेत. कावळा डावीकडून गेला तर पान उलटणार. मूर्ख माणूस मूर्ख असला तर चालतं, पण हुशार माणूस एवढ्याच एका खिडकीतून मूर्ख असला की घरातल्यांचे हाल कुत्रा खात नाही.

ताईचा डावा डोळा लहानपणीच गोवरात गेलेला. सगळा संसार तिने उजव्यावर केला. ती शिंप्यासाठी काजी करायची. काजी म्हणजे शर्टाच्या बटणांची घरं, हाताने, एकेक टाका. तर त्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. आधी सुईत दोरा ओवेना. मग एक दिवस तिने खुंटीवरच्या कोटाला विचारलं, "चहा घेणार का?" कोट नको म्हणाला नाही, म्हणून तिने कप त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला. भावोजी आत पेपर वाचत होते. तो थंड चहा बघून त्यांना काय वाटावं? त्यांना वाटलं, आपल्या कोटाला चहा मिळतो आणि आपल्याला नाही.

"कुठल्या डॉक्टरांना दाखवलं?" सिस्टरने विचारलं.

"पुलापलीकडचा दवाखाना. निळ्या फाटकाचा."

"कधीची गोष्ट?"

"चार वर्षं झाली."

"हं," सिस्टर म्हणाली आणि तिने एक अभ्रा मोडायला घेतला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. महिन्याच्या आत काढा. लांबवलंत तर डोळ्यात दाब वाढेल, मग उरलेली नजर गेली तर ती परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. एकच डोळा, एकच महिना. यात विचार करण्यासारखं काय आहे? पण भावोजींनी घरी येऊन पंचांग उघडलं. ताईची रास मकर. शनी कुंभेत, म्हणजे तिला दुसरा. दुसरं स्थान कशाचं, तर उजव्या डोळ्याचं. मीनेत जायला अजून चौदा महिने.

"चौदा महिने त्या डोळ्याला हत्यार लावायचं नाही," भावोजी म्हणाले.

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर डोळ्याचे आहेत. ग्रहांचं त्यांना काय कळतं?"

मी ताईला बाजूला घेऊन म्हटलं, चल, मी नेतो, यांना सांगूच नकोस. तर ती म्हणाली, "अरे, यांच्या मनाविरुद्ध गेले तर उद्या घरात बशी फुटली तरी ती माझ्या डोळ्यावर फुटेल. यांना पटव, मी उद्या येते."

पटव म्हणे. पंचांगवाल्याला शहाणपण सांगून पटवायचं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. तिथे शहाणपण चालत नाही, त्याच्याच वेडाचं हत्यार लागतं. मी रात्रभर विचार वगैरे काही केला नाही. चहा पितापिताच सुचलं. मी म्हटलं, "भावोजी, एक विचारू? हे पंचांग तुम्ही कधी तपासून घेतलंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या काट्यावर ताईचा डोळा तोलताय तो काटा बरोबर आहे, हे कुणी पाहिलं? शिक्का आहे का त्यावर तुमच्या खात्याचा?"

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना बिनशिक्क्याच्या वजनाने कांदे मोजून दिले. त्यांनी पंचांग उलटसुलट करून पाहिलं. शिक्का नव्हता. मुद्रकाचं नाव होतं, पण मुद्रक काय, कुणीही असतो.

"छापलेलं आहे," ते पुटपुटले.

"छापलेलं म्हणजे कुणाचं तरी म्हणणं. माप म्हणजे माप. आमच्याकडे यंत्र आहे. या, तपासा."

"बरं मेहुणे, सोमवारी," ते म्हणाले. "खेळ नसेल त्या वेळी. आणि यंत्राला कुणी हात लावायचा नाही मी येईपर्यंत."

मी अर्थातच रविवारीच हात लावला. शनीची पेटी उघडली, पेचकस घातला आणि एकेक दात मोजत त्याला चौदा महिने पुढे ढकलला. कुंभेच्या शेवटच्या अंशावर तो अडला. चाकाचा एक दात झिजलेला होता. तुम्हाला सांगतो, तिथे तो जो कुरकुरला, तो आवाज आमच्या पहारेकऱ्याने ऐकला आणि नोकरी सोडून गेला. मी अंगठ्याने दाबलं. टक. शनी मीनेत.

"बाकीचे ग्रह?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"होते तिथेच. मला बाकीच्यांशी काय करायचंय?"

सोमवारी भावोजी आले ते पेटी घेऊन. ओळंबा, पाणसळ, पितळी फूटपट्टी, भिंग, चिमटा, शिशाच्या गोळ्या. काखेत पंचांग. अख्खं यंत्र त्यांनी भाजीवाल्याच्या तराजूसारखं तपासलं. ओळंबा सोडून खांब सरळ आहे का पाहिलं. पाणसळ ठेवून बूड पाहिलं. मग म्हणाले, सूर्य दाखवा. बाहेर जाऊन खांबाची सावली मोजून आले, आत येऊन घुमटावर मोजलं. जुळलं. चंद्र दाखवा. आदल्या दिवशीचा त्यांनी गच्चीवरून टिपून ठेवला होता. जुळला. तीन तास हे चाललं. मला धास्ती एकच, हा माणूस शनीसुद्धा गच्चीवरून टिपून आला असेल तर संपलंच. पण नाही. पंचवीस वर्षं शनीला भ्यालेल्या या माणसाला शनी आकाशात कुठे बघायचा हेच ठाऊक नव्हतं. भ्यायला दिशा लागत नाही.

"शनी," ते म्हणाले.

मी दिवा लावला. घुमटावर राशींचा पट्टा होता, रेषा आखलेल्या, आणि मीन राशीच्या रेषेच्या आत, बोटभर आत, तो पिवळसर ठिपका शांत बसलेला.

भावोजी खुर्चीवर चढले. फूटपट्टी वर धरून एक डोळा मिटून पाहिलं. मग पंचांगात पाहिलं. पुन्हा वर. असं सात वेळा. शेवटी ते खाली उतरले, खुर्ची रुमालाने पुसली आणि म्हणाले, "यंत्र मापात आहे."

"आणि पंचांग?"

"खोट आहे. चौदा महिन्यांची." त्यांनी पंचांग मिटलं. "एवढी खोट मी रद्दीवाल्याकडेसुद्धा पाहिली नाही."

मला वाटलं आता निघतील. पण तुम्ही सरकारी माणसाला ओळखत नाही. तपासलेलं माप बरोबर निघालं की त्याला सील लावायचं, म्हणजे नंतर कुणी त्यात हात घालायचा नाही, असा नियम. त्यांनी शनीच्या पेटीच्या कडीतून तांब्याची तार ओवली, तिच्या टोकांवर शिशाची गोळी बसवली आणि चिमट्याने दाबली. गोळीवर खात्याची मोहर उठली. "आता हे तोडलं तर गुन्हा," ते म्हणाले. घरी जाऊन त्यांनी स्वतः दवाखान्यातून तारीख आणली. पुढचा मंगळवार. मधे आठ दिवस.

इथवर कुणालाही पटेल. पुढचं ऐका. त्याच संध्याकाळी आकाशातला शनीही मीनेत येऊन चालायचा थांबला.

"कसा काय?" इस्त्रीवाला म्हणाला. त्याने इस्त्री उभी करून ठेवली होती.

"सील लागल्यावर तो तरी काय करणार? सरकारी मोहर आहे. आधी मागे सरकला, मग पुढे, मग बघितलं असेल त्याने की तार ताणतेय, राहिला उभा. मीन राशीत. चौदा महिने लवकर."

आणि बोंब झाली. मकर राशीवाले दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून फिरायला लागले. आणि मीनवाले, ज्यांना वाटत होतं अजून चौदा महिने आहेत, त्यांच्या डोक्यावर हा न सांगता येऊन बसलेला. बुधवारी त्यांचं शिष्टमंडळ तारांगणाच्या दारात. साठ-सत्तर माणसं. कुणाच्या हातात अर्ज, कुणाच्या हातात कुंडली. मागे एक गृहस्थ तोंडाला रुमाल बांधून उभे होते. मी ओळखलं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे.

"सर, तुम्ही?"

"मी आपला बायकोसाठी," ते म्हणाले.

सगळ्यांचं एकच म्हणणं. सील तोडा, शनी मागे घ्या. एक बाई म्हणाल्या, त्यांची गच्ची सोमवारपासून गळायला लागली. मी विचारलं, गेल्या वर्षी गळत नव्हती? त्या म्हणाल्या, "गळत होती, पण तेव्हा कारण माहीत नव्हतं." अशी माणसं. स्वतःच्या गळक्या छपरावर चढायचा कंटाळा, म्हणून शनीला शिडी लावायला निघालेली.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र ताई होती. सील तुटलं, कुणी शनी मागे फिरवला, की भावोजींचं यंत्र मापातून गेलं. मग मंगळवार गेला, महिना गेला, आणि डोळा गेला. मी दारात खुर्ची टाकली. पहारेकरी पळालेलाच होता. आठ दिवस मी ते दार अडवून बसलो. जेवण दारात, दाढी दारात. त्यांनी विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, एकाने मला माझी रास विचारून शिव्यासुद्धा त्या राशीला लागू पडतील अशा दिल्या. मी म्हटलं, बाबांनो, बारा खुराडी तुम्हीच बांधलीत, तुम्हीच त्यात शिरून बसलात, आणि आता कोंडलं कुणी म्हणून माझ्याशी भांडताय? घरी जा. कौलं बदला. अभ्यास करा. बायकोशी नीट बोला. पण माझ्या बहिणीच्या डोळ्याला शस्त्र लागेपर्यंत या दारातून मुंगी आत जाणार नाही.

मंगळवारी सकाळी भावोजी ताईला घेऊन गेले. पंचांग घरी टाकून, हे लक्षात घ्या. शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. ताईने आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग खिडकी, मग भावोजींकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही किती म्हातारे झालात हो. मला कुणी सांगितलं नाही." आणि घरी आल्या आल्या पहिल्या खेपेला सुईत दोरा ओवला. सोळा आणे नजर. मग मी कात्री घेऊन तारांगणात गेलो आणि तार तोडली. शनी असा काही झटक्याने मागे गेला की कड्याचा एक तुकडा आमच्या गच्चीवर पडला. तो मी पायपुसण्याखाली ठेवलाय. ओल येत नाही.

इस्त्रीवाला पोट धरून हसत होता. "तुकड्याचं जाऊ द्या," तो म्हणाला. "पण काका, तुम्ही माणूस भारी. बहिणीसाठी आठ दिवस दार अडवून बसायचं म्हणजे."

"बहीण आहे," मी म्हटलं. "कुणीतरी बसायला हवं होतं."

सिस्टरने शेवटच्या अभ्र्याची घडी घातली. तळहाताने दाबून सपाट केली. मग चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे पाहिलं, नळाखाली धरून चिमटा बघावा तसं.

"दार तुम्ही अडवलं होतं, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण ते तारांगणाचं नव्हतं."

इस्त्रीवाल्याने पोटावरचा हात काढला.

"आमच्या ऑपरेशनच्या खोलीचं होतं. आत मीच होते, तोंडाला मास्क होता म्हणून तुम्हाला आठवत नाही. डावा डोळा गोवरात गेलेल्या, काजी करणाऱ्या बाई. त्यांच्या यजमानांनी कागदावर सही कधीच केली होती. शांत माणूस. तुम्ही दारात हात पसरून उभे, शनी मीनेत जाईपर्यंत हात लावू देणार नाही म्हणून. वर आणि डॉक्टरांनाच सुनावत होतात, मी तारांगणात आहे, शनी कुठे आहे ते मला विचारा."

"सिस्टर, तुमची काहीतरी गल्लत..."

"बाई मला टेबलावर म्हणाल्या, पाच महिने मी याच्या शब्दावर थांबले, भाऊ तारांगणात आहे, त्याला त्यातलं कळतं. त्यांचे यजमान तुम्हाला बाजूला सारताना काय म्हणाले, तेही सांगते. याचं माप कुणी तपासलेलं नाही, डॉक्टर, तुम्ही आत चला." तिने कपड्यांचं गाठोडं काखेत घेतलं. "आणि सोळा आणे नाही. डोळ्यात दाब चढला होता. दारातला माणूस दिसतो त्यांना, पण कोण आहे ते बोलल्याशिवाय कळत नाही. सुईत दोरा शेजारीण ओवून देते."

मी स्टुलावरून उठायला गेलो. ती अजून दारातच होती.

"तुमचं पंचांग त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर राहिलं होतं. शेवाळी कव्हरचं, पेन्सिल बांधलेलं. पहिल्या पानावर तुमचं नाव आहे, खाली तारांगणाच्या यंत्रविभागाचा शिक्का. चार वर्षं मी त्यावर गरम पातेलं ठेवते. हवं असेल तर घेऊन जा, पण रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर या."